दिव्यांची तोंडं खाली वळवणारं गाव

दुकानाचं उद्घाटन असलं की आभाळात सर्चलाइटचे झोत फिरवायचे, ही १९५०च्या दशकातल्या अमेरिकेतली हौस. ॲरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफच्या नगरपालिकेने एप्रिल १९५८ मध्ये ती कायद्याने बंद केली. नियम मोडला तर दंड, नाहीतर कैद. तेव्हा गावाची वस्ती होती जेमतेम अठरा हजार! एवढ्याशा गावाने जाहिरातदारांना नाही म्हणून काळोखाची बाजू घेतली, याचं आजही अप्रूप वाटतं.

याला कारण होतं गावाशेजारच्या टेकडीवरचं, मार्स हिलवरचं. पर्सिव्हल लॉवेलने १८९४ मध्ये तिथे वेधशाळा उभारली होती. सुमारे ७,००० फूट उंची, कोरडी हवा आणि गडद रात्र. शेतकऱ्याचा मुलगा क्लाइड टॉम्बॉ १९३० च्या हिवाळ्यात तिथे कामाला होता. २३ आणि २९ जानेवारीला टिपलेल्या, आकाशाच्या एकाच भागाच्या छायाचित्रांच्या दोन काचा यंत्रात बसवून तो आलटूनपालटून भिंगातून पाहत होता. बाकीचे तारे जागच्या जागी, एक बारीक ठिपका मात्र इकडून तिकडे उडी मारत होता. १८ फेब्रुवारीला सापडलेला हा ठिपका म्हणजे प्लूटो. अशी एकेक काच तासभर उघडी ठेवावी लागे. खालच्या गावाने आभाळ उजळलं असतं, तर काच सगळीच करडी पडली असती आणि तो ठिपका तिच्यात बुडाला असता.

गाव पुढे वाढलंच, पण नियमही वाढत गेले. १९८९ मध्ये एकरी किती प्रकाश चालेल याचीच मर्यादा ठरली. दिव्यांना वरून झाकण आलं. रस्त्यांवर कमी दाबाचे सोडियमचे पिवळे दिवे लागले. त्यांचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्याने खगोलशास्त्रज्ञांना तो गाळून टाकता येतो. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क-स्काय संघटनेने फ्लॅगस्टाफला जगातलं पहिलं ‘डार्क स्काय’ शहर ठरवलं. २०२० च्या जनगणनेत वस्ती ७६ हजारांवर गेली होती, म्हणजे चौपटीहून जास्त. तरीही तिथे शहरात उभं राहून आकाशगंगा दिसते. शहर वाढलं की तारे जाणारच, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

याच संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवावे लागले.