डेडस्टॉकमधला संगणक

१९८४-८५ साली केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागाने मिळून ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला. निवडक माध्यमिक शाळांना संगणक द्यायचे, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे आणि मुलांची या यंत्राशी तोंडओळख करून द्यायची, हा त्याचा हेतू. त्यासाठी निवडलेला संगणक म्हणजे इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या अ‍ॅकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’. बीबीसीने तिकडे दूरचित्रवाणीवरून संगणक साक्षरतेची मोहीम काढली, तिच्यासाठी तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला होता. पुढच्या काही वर्षांत भारतातल्या दोन हजारांहून अधिक शाळांत तो पोहोचला. त्यांपैकी एक शाळा आपली.

आपल्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद ‘शासनाकडून विनामूल्य प्राप्त’ अशी आहे. आलेल्या यंत्रांपैकी एकच आता शिल्लक आहे. गेल्या वर्षी निर्लेखनाची यादी निघाली तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी मला फोन केला. ‘तू संगणकातली आहेस. एकदा बघून जा. चालू होत असेल तर ठेवू, नाहीतर भंगारात जाईल.’

माझे काम सॉफ्टवेअरचे. डाग देण्याचा सराव इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेबरोबरच संपला. म्हणून बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या काकांना सोबत नेले. संगणकाबरोबर कपाटात विज्ञानाच्या बाईंची जुनी वहीही सापडली. संगणक कक्षात कोणाची पाळी कधी, यंत्र चालू की बंद, हे बाई त्यात रोज लिहीत. आपण चपला बाहेर काढून, रांगेने, एका यंत्रापुढे चौघे-पाच जण बसायचो. एकाने कळ दाबायची, बाकीच्यांनी बघायचे. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येत. वीज गेली की टाइप केलेला सगळा प्रोग्रॅम पुसला जायचा आणि पाळी तिथेच संपायची.

वहीची पाने उलटताना ‘बंद’ हा शब्द वाढत जातो. ‘दुरुस्तीसाठी पत्र पाठवले’, महिन्याभराने ‘पुन्हा पत्र पाठवले’, मग नुसतेच ‘स्मरणपत्र’. आपण नववीत असतानाची शेवटची नोंद अशी: ‘मागून धूर व वास. तत्काळ बंद केले.’ त्यानंतर पाने कोरी आहेत. आपल्या मागच्या वर्गांना हा संगणक फक्त काचेतून दिसला.

धुराची ती नोंद वाचून काका म्हणाले, ‘मॅडम, कंडेन्सर गेला असणार.’ या संगणकाच्या आत वीजपुरवठ्याचा वेगळा डबा असतो. त्यात मुख्य विजेच्या तारांवर खरखर गाळणारे छोटे कंडेन्सर असतात. जुन्या कंडेन्सरच्या पारदर्शक आवरणाला वर्षांगणिक तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि एके दिवशी ते फुटून दाट धूर निघतो. आम्ही डबा उघडला. एक कंडेन्सर फुटलेला होता आणि दुसऱ्याला तडे गेले होते. धूर बघून यंत्र बंद करणे हे बाईंनी योग्यच केले. पण हे कंडेन्सर फक्त गाळणीचे काम करतात. त्यांच्या फुटण्याने संगणकाचे पुढचे काही बिघडलेच असे नसते.

दोन्ही बदलले. धूळ काढली, पालीच्या अंड्यांची टरफले काढली. सुरू केल्यावर बीबीसी मायक्रोने आधी एक लांब खालचा सूर आणि मग एक छोटा वरचा सूर द्यायला हवा. आम्हाला नुसताच लांब सूर ऐकू येत राहिला. म्हणजे वीज पोहोचत होती, पण यंत्र जागे होत नव्हते. काकांनी बेसमध्ये बसवलेल्या आयसी एकेक करून उपसल्या, गंजलेले पाय साफ केले आणि पुन्हा दाबून बसवल्या. तिसऱ्या खेपेला दुसरा सूर आला. जुन्या टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली: ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’.

३२ किलोबाइट ही त्याची एकूण कामाची स्मृती. मोबाइलवर काढलेल्या तीन मेगाबाइटच्या एका फोटोला अशा जवळजवळ शंभर संगणकांची स्मृती लागेल. तरी हा संगणक आजच्या मोबाइलचा परका नाही. तो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे अ‍ॅकॉर्नमध्ये ‘आर्म’ प्रोसेसरची रचना केली. त्याची पहिली चिप १९८५ मध्ये चालली, आणि आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर असतो.

दोन्ही कंडेन्सरचे मिळून शंभर रुपयेही झाले नाहीत. काकांनी मजुरी घेतली नाही. त्यांची मुलगी याच शाळेत आठवीत आहे.

‘क्लास’ प्रकल्पाला नुसते अपयश म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. बाईंनी आपल्याला ‘प्रिंट’ आणि ‘गोटू’ शिकवले नसते तर मी या वाटेला गेले असते का, सांगता येत नाही. पण अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरने या प्रकल्पाचे मूल्यमापन केले, तेव्हाही बंद पडलेली यंत्रे आणि अपुरे प्रशिक्षित शिक्षक या उणिवा दाखवल्या होत्या. आपल्या शाळेची वही तेच सांगते. यंत्र फुकट मिळाले होते. ते चालू ठेवण्यासाठी मात्र कोणाच्याही नावावर ना पैसे होते, ना जबाबदारी.

यंदाच्या मेळाव्यात आपली बॅच शाळेला नवे संगणक देणार आहे. माझी विनंती आहे की ठरलेल्या रकमेतून दोन संगणक कमी घ्यावेत. ते पैसे शाळेच्या नावे बँकेत ठेवून व्याजातून दरवर्षी दुरुस्ती करावी, आणि गावातल्याच एका दुरुस्ती करणाऱ्याशी लेखी करार करावा. शिवाय बाईंसारखी एक वही पुन्हा सुरू करावी. तिची प्रत दर सहा महिन्यांनी आपल्या ग्रुपवर यावी, म्हणजे ‘पुन्हा पत्र पाठवले’ अशी नोंद झाली तर ती आपल्यातल्या कोणाला तरी दिसेल.

जुना बीबीसी मायक्रो निर्लेखनाच्या यादीतून निघाला आहे. मेळाव्याच्या दिवशी तो ग्रंथालयात चालू ठेवला जाईल. कळा दाबायला हरकत नाही, आणि यावेळी मिनिटे मोजली जाणार नाहीत.