कसणाऱ्याची जमीन आणि मुलांची भाषा : शशिकलाताई काकोडकर यांची कारकीर्द

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात एका मंत्र्याच्या कारकिर्दीवर लेख असावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथालय चालते ते वाचकांवर, आणि वाचक घडतो तो घरात व प्राथमिक शाळेत. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्या घरी पुस्तक सहसा पोहोचत नाही. आणि ज्या मुलाचा अक्षरांशी पहिला परिचय परक्या भाषेतून होतो, त्याला मराठीच्या कपाटापर्यंत आणणे पुढे अवघड जाते. गोमंतकात या दोन्ही प्रश्नांना ज्यांनी सत्तेच्या आसनावरून हात घातला, त्यांत श्रीमती शशिकलाताई काकोडकर यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या एवढीच त्यांची ओळख सांगून आपण बहुधा थांबतो. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे.

शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजी पेडण्याच्या बांदोडकर कुटुंबात झाला. वडील दयानंद बांदोडकर खाण व्यवसायात नावारूपाला आलेले, हाताने सढळ आणि बहुजन समाजाविषयी मनापासून कळवळा असलेले गृहस्थ. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झालेल्या पहिल्या निवडणुकीने भाऊसाहेबांना संघप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री केले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा पक्षाचा मुख्य कार्यक्रम होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश राहावा या बाजूने १,७२,१९१ मते पडली. अवघ्या ३४,०२१ मतांनी प्रश्न निकालात निघाला. नवल असे की, विलीनीकरण नाकारणाऱ्या याच मतदारांनी थोड्याच आठवड्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. लोकांना भाऊसाहेबांचे सरकार हवे होते, मात्र गोव्याचे वेगळेपणही हवे होते. शशिकलाताईंच्या वाट्याला जो वारसा आला, तो या दुहेरी कौलाचा वारसा होता.

भाऊसाहेबांच्या अखेरच्या मंत्रिमंडळात त्या राज्यमंत्री होत्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे आकस्मिक निधन झाले आणि मुख्यमंत्रिपदाची धुरा त्यांच्याकडे आली. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी (१९६३) आणि ओरिसात नंदिनी सत्पथी (१९७२) यांच्यानंतर देशात मुख्यमंत्री झालेल्या त्या तिसऱ्या स्त्री होत. गोव्याला त्यांच्यानंतर दुसरी स्त्री मुख्यमंत्री आजतागायत लाभलेली नाही. वय अडतीस वर्षांचे, मंत्रिपदाचा अनुभव तुटपुंजा, पक्षातील अनेक सहकारी वयाने व अनुभवाने वडील. वडिलांच्या नावावर मिळालेले पद फार दिवस टिकत नाही, असे त्या वेळी म्हणणाऱ्यांना चुकीचे ठरवीत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीत पक्षाला तीस जागांपैकी पंधरा जागा मिळवून दिल्या आणि जवळजवळ सहा वर्षे राज्यशकट हाकला.

या सहा वर्षांतील ठळक काम म्हणजे कूळ आणि मुंडकार यांच्यासंबंधीचे कायदे. नव्या पिढीतील वाचकांसाठी या दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. दुसऱ्याची शेती खंडाने कसणारा तो कूळ; भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा, त्याच्या माडा-पोफळींची राखण करणारा तो मुंडकार. घर मुंडकाराच्या घामाचे, पण पायाखालची जमीन भाटकाराची. भाटकाराची इतराजी झाली की घर मोडून दुसरीकडे जावे लागण्याची भीती. अशा माणसाला मत असले तरी ते मोकळेपणाने देता येत नाही, आणि मुलाला शाळेत धाडायचे की भाटकाराच्या कामाला, याचा निर्णयही पुष्कळदा त्याचा स्वतःचा राहत नाही.

भाऊसाहेबांच्या कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा झाला होता. त्याने खंडाची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आणली आणि कुळाला मनमानी हकालपट्टीपासून संरक्षण दिले. पण जमिनीची मालकी जिथल्या तिथे राहिली. पुढचे पाऊल शशिकलाताईंच्या सरकारने उचलले. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यास प्रतिबंध केला आणि राहते घर व त्याभोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. त्यापाठोपाठ १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. २० एप्रिल १९७६ हा दिवस कायद्याने 'कसणाऱ्याचा दिवस' ठरविला आणि त्या दिवशी कूळ आपल्या ताब्यातील जमिनीचा खरेदीदार झाला असे मानण्यात आले. किंमत ठरविण्याचे काम मामलतदाराकडे सोपविले गेले. कुळाने हक्क मागायचा आणि मालकाने तो नाकारायचा, ही जुनी रीत येथे उलटी झाली. हक्क आधी मिळाला आणि त्याची किंमत ठरणे मागाहून आले.

जमीनमालकांनी या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले आणि तिचे भवितव्य काही वर्षे टांगणीला लागले. अखेरीस १९८४ च्या सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिला संविधानाच्या नवव्या परिशिष्टाचे कवच मिळाले. कायदा झाल्याने सारे साधले असेही नाही. नावनोंदणी, पुरावे, किंमतनिश्चिती यांच्या फेऱ्यांत असंख्य प्रकरणे मामलतदार कचेऱ्यांत दशकानुदशके पडून राहिली. लहान भाटकारांमध्येही विधवा, परागंदा आणि बेताच्या उत्पन्नाची माणसे होती. त्यांच्या तक्रारी सर्वस्वी निराधार नव्हत्या. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते : ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळला, त्यांना 'हे माझे' असे म्हणण्याचा आधार कायद्याने दिला. निवडणूक हरल्याने किंवा सरकार पडल्याने हे काम पुसले गेले नाही.

याच काळातील दुसरी एक घटना चर्चेत क्वचितच येते. मुक्तीनंतर गोव्यातील विद्यार्थी महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेला बसत असत. २७ मे १९७५ रोजी गोव्याचे स्वतंत्र माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. विलीनीकरणाच्या घोषणेवर उभ्या राहिलेल्या पक्षाच्याच सरकारने शिक्षणातील महाराष्ट्राशी असलेला हा दुवा सोडवून गोव्याची वेगळी व्यवस्था उभारावी, यात वरकरणी विसंगती दिसते. परंतु १९६७ चा कौल प्रामाणिकपणे स्वीकारायचा, तर राज्यकर्त्याला दुसरा मार्ग नव्हता. मराठीवरील प्रेम आणि महाराष्ट्रात विलीन होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, याची जाणीव या काळात शासनाच्या कृतीतून हळूहळू उमटू लागली. त्याच वर्षी, १९७५ मध्ये, साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली होती. काळाचा ओघ कुठे चालला आहे, ते स्पष्ट होते.

१९७७ नंतरची दोन वर्षे मात्र खडतर गेली. यांत्रिक बोटींविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांचे, म्हणजे रापणकारांचे, आंदोलन पेटले. बसभाड्यात सवलत मागत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. खुद्द पक्षातही कुरबुर वाढली. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून सहा वर्षे होती आणि तीसजणांच्या सभागृहात दोन-तीन आमदार फिरले की सरकार डळमळत असे. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षातीलच आमदार फुटले, बहुमत गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो पक्ष सात जागांवर घसरला. सोळा वर्षांची त्याची सत्ता संपली ती कायमची. पुढे त्याला इतरांच्या सोबतीनेच सत्तेत वाटा मिळाला.

यानंतरचा ताईंचा राजकीय प्रवास वळणावळणाचा आहे. त्या काँग्रेस पक्षात गेल्या, तेथून बाहेर पडून वडिलांच्या नावाचा पक्ष त्यांनी काढला, तो रुजला नाही, आणि त्या पुन्हा मगो पक्षात परतल्या. त्यांच्या चाहत्यांनाही हा भाग समर्थनीय वाटत नाही. ज्या पक्षाने आपल्या मतदारांना एक निष्ठा शिकविली, त्याच्या नेत्याने अशी पावले टाकली की सामान्य कार्यकर्ता हतबल होतो. मगो पक्षाच्या पडझडीला या घडामोडींनीही हातभार लावला, हे इतिहासात नोंदविलेच पाहिजे. दरम्यान ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत होऊन कोकणी राजभाषा झाली व मराठीला शासकीय व्यवहारात वापराची मुभा राहिली; ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले.

१९९० साली काँग्रेसमधून फुटलेल्या गटाला साथ देऊन मगो पक्ष पुन्हा सत्तेत आला आणि ताई शिक्षणमंत्री झाल्या. हे सरकार अल्पायुषी ठरले. वर्ष संपण्यापूर्वीच ते कोसळले. परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी घेतलेला एक निर्णय दोन दशके टिकला. प्राथमिक शिक्षण प्रादेशिक भाषेतून देणाऱ्या शाळांनाच यापुढे सरकारी अनुदान मिळेल, असे धोरण त्यांनी जाहीर केले. इंग्रजी माध्यमावर बंदी घातली नव्हती. सरकारच्या पैशाने ते चालणार नाही, एवढेच ठरले होते. अनेकांना वाटले, हा मराठीच्या कैवाऱ्यांनी मराठीसाठी घेतलेला निर्णय आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा लाभ कोकणीला झाला. चर्चसंचालित बहुसंख्य प्राथमिक शाळा इंग्रजीऐवजी कोकणी माध्यमाकडे वळल्या आणि देवनागरी कोकणीला हजारो नवे विद्यार्थी मिळाले. राजभाषेच्या वादात ज्या दोन भाषांचे पुरस्कर्ते परस्परांविरुद्ध उभे ठाकले होते, त्या दोन्ही भाषांना एकाच आदेशाने वर्गखोलीत जागा दिली. ताईंच्या साऱ्या कारकिर्दीत दूरदृष्टीचा असा निर्णय दुसरा नसेल.

तथापि सरकारी आदेशाने अनुदान वळविता येते, पालकांची आकांक्षा वळविता येत नाही. इंग्रजीशिवाय मुलाचे भले होणार नाही, ही समजूत वाढत गेली. ती समजूत केवळ मोहातून आली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नोकरी, स्थलांतर, उच्च शिक्षण या साऱ्यांची दारे इंग्रजीने उघडतात, हा गरीब पालकाचाही अनुभव होता. २०११ मध्ये तत्कालीन सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरविले. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या शशिकलाताई त्याच्या अग्रभागी होत्या, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून कोकणीचे कार्यकर्तेही उभे होते. सरकार बदलले तरी अनुदान थांबले नाही. हा प्रश्न असा अनिर्णित असतानाच २८ ऑक्टोबर २०१६ रोजी ताईंनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या कार्याचे मोजमाप करताना दोन्ही पारडी समोर ठेवावी लागतील. पक्ष सांभाळण्यात त्या कमी पडल्या. सत्ता गेल्यानंतरच्या दशकात त्यांची राजकीय दिशा स्थिर नव्हती. उलट, हातात अधिकार असताना त्यांनी तो दुर्बलाच्या बाजूने वापरला. १९७५-७६ मध्ये मुंडकाराला घर आणि कुळाला जमीन दिली. १९९० मध्ये मुलाला त्याची भाषा देऊ पाहिली. पहिल्या कामाला घटनेचे संरक्षण मिळाले, म्हणून ते टिकले. दुसऱ्याला तसे संरक्षण देणारे परिशिष्ट कोणत्याही संविधानात असू शकत नाही. भाषा टिकते ती ती वाचणाऱ्या माणसांमुळे, आणि हे काम सरकारवर सोपवून ग्रंथालयांना स्वस्थ बसता येणार नाही.

१९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर मिळालेल्या थोड्याशा मोकळिकीत गोमंतकातील आपल्या पूर्वसूरींनी मराठी शाळा आणि वाचनालये काढली, ती कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता. देवळाच्या अग्रशाळेत, कुणाच्या ओसरीवर, वर्गणीच्या पैशांतून ती चालली. शताब्दीच्या निमित्ताने त्या पुण्याईचे स्मरण आपण करतोच. परंतु इंग्रजी शाळेत जाणारे आजचे मूलही आपलेच आहे. त्याच्या पालकांना दोष देत बसण्यापेक्षा संध्याकाळच्या वेळी त्याच्या हाती एखादे चांगले मराठी पुस्तक पडेल, अशी व्यवस्था आपल्या बालविभागाने करावी. ताईंचा अपुरा राहिलेला निर्णय पुढे नेण्याचा तेवढा मार्ग आपल्या हाती निश्चित आहे.