झोंबींच्या राज्यात वीज कुठून येते?

मेलेली माणसं उठून चालू लागली, हे मी विनातक्रार मान्य करतो. झोंबींची मालिका पाहायला बसलं की तेवढं मान्य करावंच लागतं. भुताच्या गोष्टीत भूत कशाला, असं विचारून कसं चालेल? माझी तक्रार आहे ती पुढच्या गोष्टींबद्दल.

‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन मालिका ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. अकरा पर्वं, १७७ भाग. तिच्यात जग बुडून महिने लोटतात, तरी घरांपुढची हिरवळ नीट कापलेली दिसते. किल्ली फिरवली की मोटार सुरू होते. पेट्रोल साठवून ठेवलं तर वर्षभरात नासू लागतं, हे बराच काळ कुणाच्या गावी नसतं.  आणि जॉर्जियाच्या दमट उन्हात प्रेतं वर्षानुवर्षं सडतात, तरी चालतच राहतात. आमच्या किनाऱ्यावर सकाळची मासळी बर्फाशिवाय संध्याकाळ पाहत नाही!

मी कुंभवलीत राहतो. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आणि थोड्या अंतरावर समुद्राकाठी अणुवीज केंद्र. त्यामुळे या मालिका पाहताना मला एकच प्रश्न छळतो. तिथल्या वीज केंद्रात आता कोण बसलंय?

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. अणुभट्टी बंद करणं म्हणजे दिवा मालवणं नव्हे. आतली साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, पण इंधन तापलेलंच राहतं. बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के आणि एक दिवसानंतरही जवळजवळ अर्धा टक्का उष्णता निघतच असते. ती वाहून न्यायला पाणी हवं, बहुतेक ठिकाणी त्या पाण्याला पंप हवा, पंपाला वीज, वीज गेली तर डिझेलचं जनित्र आणि त्या जनित्राला डिझेल आणून देणारा माणूस. जपानमध्ये फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने ही जनित्रं बुडवली आणि तीन अणुभट्ट्यांचं इंधन वितळलं. त्या भट्ट्याही तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या होत्या. एवढं होऊनही थोडे कामगार आत थांबले, म्हणून आणखी वाईट टळलं.

‘द वॉकिंग डेड’ सुरू झाली तेव्हा अमेरिकेत शंभरावर अणुभट्ट्या चालू होत्या. त्यांचं काय झालं, हा प्रश्न तिच्याच भावंड-मालिकेने, ‘फिअर द वॉकिंग डेड’ने, २०१९ मध्ये पाचव्या पर्वात विचारला. मूळ मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस मात्र एक प्रसंग अगदी खरा वाटतो. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातलं जनित्राचं इंधन संपत येतं आणि भिंतीवरचं घड्याळ उलटे आकडे मोजू लागतं. त्या भागात झोंबींपेक्षा त्या घड्याळाचीच भीती जास्त वाटते.

आता हे सगळं कल्पनेतलं झालं. पण शहर खरोखर ओस पडतं तेव्हा काय होतं, याचा दाखला आपल्याकडेच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या पाच महिन्यांत शहरातले जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. कोकणातले गिरणी कामगार बोटींनी गेले, गुजरातकडचे लोक आमच्या पालघर-बोईसरवरून जाणाऱ्या लोहमार्गाने. ऑक्टोबरमध्ये पालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार हाती घेतला. त्याची दहशत अशी बसली, की २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

तेव्हाचे पालिका आयुक्त होते स्नो. त्यांना सर्वांत मोठी भीती कशाची वाटत होती? प्लेगची होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती भंगी आणि हलालखोर शहर सोडून जातील याची. मैला उचलणारे आणि रस्ते झाडणारे हात गेले, तर मुंबई काही दिवसांत राहण्याजोगी उरणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. सक्तीचे नियम सौम्य करण्यामागे हेही एक मोठं कारण होतं. ज्यांची सावलीही समाजाला नको होती, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने पालिकेला माघार घ्यायला लावली. गिरण्यांमध्येही हजर राहणाऱ्या माणसाचा भाव वाढला आणि मालक रोजच्या रोज मजुरी मोजू लागले.

मालिकांना भीती मात्र बरोबर कळते. जिवंत माणूस अनोळखी माणसाला झोंबीपेक्षा जास्त भितो, हे त्या पुन्हा पुन्हा दाखवतात. आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथं, १६ एप्रिल २०२० च्या रात्री चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. टाळेबंदीचे ते दिवस होते. त्यावर आणखी काय बोलणार?

त्याच टाळेबंदीचा २४ मार्चचा सरकारी आदेश पुन्हा वाचावा असा आहे. काय बंद, यापेक्षा काय चालू राहील ती यादी पाहा: वीजनिर्मिती, पाणी, सफाई, पेट्रोल पंप, औषधं, आणि राज्याच्या परवानगीने, अखंड प्रक्रिया चालणारे कारखाने. आमच्या वसाहतीत या शेवटच्या ओळीचा अर्थ लगेच कळतो. रासायनिक कारखान्यातही ‘रिअॅक्टर’ असतो. आत माल शिजत असताना ढवळणं किंवा थंड करणं मध्येच थांबवून घरी जाता येत नाही. पुढे मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या, चाळींतल्या खोल्यांना कुलपं लागली आणि पाळ्या कोण सांभाळत होतं ते आम्हाला नावानिशी समजलं.

गंमत अशी, की झोंबी मुळात कामकरीच होता. हैतीमध्ये गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवलं गेलं. तिथल्या लोककथेतला झोंबी कुणाला चावत नाही. त्याला थडग्यातून उठवतात ते मळ्यात राबवायला, आणि माणसाला भीती असते ती मेल्यावरही सुटका न होण्याची. १९६८ च्या जॉर्ज रोमेरोंच्या चित्रपटानंतर तो माणसं खात भटकू लागला. त्याचं काम गेलं, आणि गोष्टीतल्या इतरांचंही. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदारांनी ‘झोंबिवली’त त्याला मराठीत आणलं. डोंबिवलीतली टोलेजंग इमारत आणि शेजारची वस्ती समोरासमोर आणल्यामुळे निदान कोण कुणाच्या जिवावर राहतं, हा विषय तरी निघाला.

मला पाहायची आहे ती मालिका अजून कुणी केलेली नाही. वीज केंद्रातला नियम साधा असतो: बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पहिल्या भागात तारापूरसारखं एखादं केंद्र दाखवा. रात्रपाळी संपली आहे, बाहेर उजाडलंय, डिझेलची टाकी अर्धी आहे आणि बदलीचा माणूस आलेला नाही.