डॉक्टर होण्याआधी कोणते जीवशास्त्र?

आपल्याकडे बारावी झाली की मुले थेट एम.बी.बी.एस.कडे वळतात. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग वैद्यकीय महाविद्यालय. त्यामुळे तिथल्या होऊ घातलेल्या डॉक्टरांना पदवीच्या वरच्या वर्गांत प्रश्न पडतो: जीवशास्त्राचा कोणता प्रगत अभ्यासक्रम घ्यावा? तुलनात्मक शरीररचनाशास्त्र, की जीवरसायनशास्त्र? या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१८९३ साली बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा मेरी गॅरेट यांनी ३ लाख डॉलर्सहून अधिक रक्कम दिली, पण अटी घालून. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश हवा; आणि येणाऱ्याजवळ पदवी हवी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र शिकलेले हवे. तिथले प्राध्यापक विल्यम ऑस्लर थट्टेने म्हणत, की आपण प्राध्यापक म्हणून आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतले नसते! पुढे १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालयांवर अहवाल लिहिला आणि हाच नमुना सर्वत्र मान्य झाला. (फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते, हे आपण शिक्षकांनी जरूर ध्यानात ठेवावे.)

पण जीवशास्त्र म्हणजे नेमके काय शिकायचे? त्या काळी याचे उत्तर होते, प्राणी कापून पाहायचा. मुशीपासून मांजरापर्यंत एकेका प्राण्याचे विच्छेदन करून अवयवांची तुलना करायची. शिकागोच्या लिबी हायमन यांनी १९२२ साली यासाठी प्रयोगपुस्तिका लिहिली आणि ती भरपूर खपली. गंमत अशी, की बाईंचे प्रेम होते अपृष्ठवंशीय प्राण्यांवर! पुस्तिकांच्या मानधनावर त्यांनी १९३१ साली विद्यापीठ सोडले आणि अपृष्ठवंशीयांवरील सहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१९४०–१९६७). भावी डॉक्टरांनी कापलेल्या मांजरांनी असा जेलीफिशच्या अभ्यासाचा खर्च उचलला म्हणायचा.

मग वारे फिरले. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दाखवले, की सिकलसेल आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या बदललेल्या रेणूत आहे. रोग रेणूत सापडू लागल्यावर मुशी मागे पडणारच. २०१५ साली तिथल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जीवरसायनशास्त्राला ठळक स्थान मिळाले.

तेव्हा परीक्षेसाठी जीवरसायन लागणारच. पण आणखी एका विषयाला जागा असेल, तर माझे मत तुलनात्मक रचनेच्या बाजूने आहे. जीवरसायन वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा भेटते. मुशी पुन्हा भेटत नाही.

एक उदाहरण पाहा. आपल्या स्वरयंत्राकडे जाणारी डावी चेता गळ्यातून सरळ न जाता खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. असा द्राविडी प्राणायाम कशासाठी? माशाला मान नसते. त्याच्यात या चेतेशी जुळणारी शाखा कल्ल्याच्या रक्तवाहिनीमागून सरळ जाते. पुढच्या प्राण्यांत मान लांबली, हृदय छातीत सरकले आणि रक्तवाहिनीने चेतेला खाली ओढून नेले. म्हणूनच कधीकधी घोगऱ्या आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा घसा निर्दोष असतो, आणि दुखणे निघते छातीत, फुगलेल्या महाधमनीत.