तुटक सुरांचं कूळ

१९६६ च्या मे महिन्यात ब्राझीलहून आलेला चौतिशीचा एक वादक न्यू जर्सीत, एंगलवुड क्लिफ्सला, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या उंच लाकडी छताच्या स्टुडिओत ऑर्गनसमोर बसला. नाव वॉल्टर वांडर्ले. तिथे जी तबकडी ध्वनिमुद्रित झाली, ती व्हर्व्ह कंपनीने ‘रेन फॉरेस्ट’ या नावाने बाजारात आणली. तिच्यातलं पहिलंच गाणं ‘समर सांबा’ त्याच वर्षी बिलबोर्डच्या यादीत २६ व्या क्रमांकापर्यंत चढलं. बीटल्स ऐन भरात असलेला तो काळ. आणि या गाण्यात गायक नाही की शब्द नाहीत. आहे तो ऑर्गन, आणि त्याच्याखाली बास आणि ड्रम्स.

हे गाणं बोसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीतलं. खरं तर ऑर्गन आणि बोसा नोव्हा यांचं जमायला नको होतं. ऑर्गन हे सूर लांबवण्याचं वाद्य. गिटारची तार छेडली की सूर आपोआप विरत जातो, पियानोचाही विरतो. ऑर्गनची पट्टी मात्र दाबून ठेवली तर सूर तसाच्या तसा उभा राहतो. चर्चमध्ये ते शोभतं. मराठी संगीत नाटकांतही पायाने भाता मारायच्या ऑर्गनचं काम तेच होतं, गाणाऱ्याच्या आवाजाखाली सुरांचा सलग पट अंथरायचा. बोसा नोव्हा याच्या अगदी उलट. ते हलकं, कमीत कमी बोलणारं, दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेवर जगणारं संगीत आहे. ते ऑर्गनच्या तोंडी आलं कसं, हे कळायला तीन घराणी धुंडाळावी लागतात.

पहिलं घराणं शिकागोचं. लॉरेन्स हॅमंड विजेची घड्याळं बनवायचा. वीजपुरवठ्याच्या लयीशी जुळवून अचूक वेगाने फिरणारी मोटर हे त्याचं भांडवल. ती मोटर घड्याळाऐवजी वाद्यात बसवली तर? १९३४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. हॅमंड ऑर्गनमध्ये ना भाता, ना वाऱ्याच्या नळ्या. आत फिरतात कडेला उंचवटे असलेली लोखंडी चाकं, पुढे गाजलेल्या बी-३ मॉडेलमध्ये ९१. प्रत्येक चाकासमोर तारेचं वेटोळं गुंडाळलेलं लोहचुंबक. चाक फिरलं की तारेत वीज थरथरते, आणि ती थरथर म्हणजेच सूर. कुठल्या सुरात कुठला उपसूर किती मिसळायचा ते वादक समोरच्या दांड्या आत-बाहेर ओढून ठरवतो.

या वाद्यात एक खोड होती. पट्टी दाबली की तिच्याखालचे विजेचे संपर्क जुळताना बारीकसा ‘टक्’ आवाज यायचा. कारखान्यातल्या इंजिनिअरांच्या लेखी तो दोष होता आणि तो घालवायची त्यांची धडपड चाले. जॅझवाल्यांना मात्र नेमका तोच हवाहवासा वाटला. पन्नाशीच्या दशकात बी-३ आणि त्याचं जुळं भावंड सी-३ आलं, तेव्हा कंपनीने सुराच्या आरंभी मुद्दाम ठोका देण्याची सोयच घातली, ‘पर्कशन’ नावाची. तिची अट मजेशीर आहे: आधीच्या पट्ट्यांवरून सगळी बोटं उचलली असतील तरच नवा सूर ठोक्यासकट येतो. बोटं रेंगाळली तर पुढचे सूर मऊ, बिनठोक्याचे. म्हणजे हात वारंवार उचलणाऱ्यावर हे वाद्य जास्त प्रसन्न होतं. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरं घराणं रिओच्या कोपाकबाना भागातल्या रात्रीच्या क्लबांचं. अख्खा वाद्यवृंद पोसणं छोट्या क्लबांना परवडत नसे, आणि लोकांना तर नाचायचं असे. एकटा ऑर्गनवाला चार वादकांची जागा भरून काढी. झ्याल्मा फेरेरा आणि एड लिंकन यांनी ऑर्गनवर नाचता येईल असा सांबा तिथे रुजवला. लिंकन तर मुळात बास वाजवणारा. ताल धरणं अंगात मुरलेला माणूस ऑर्गनवर बसला की ऑर्गनही ताल धरू लागतो, हे त्याच्या तबकड्या ऐकताना जाणवतं.

तिसरं घराणं म्हणजे एका माणसाची गिटार. १९५८ मध्ये झुआंव जिल्बेर्तोने संगीतकार जोबिमचं ‘शेगा जि साउदाजी’ गायलं आणि ब्राझीलच्या गाण्याची चालच बदलली. ‘बोसा’ म्हणजे रिओच्या बोलीत खुबी, हातोटी. ‘नोव्हा’ म्हणजे नवी. ही नवी खुबी त्याच्या उजव्या हातात होती. अंगठा मोठ्या ढोलासारखा संथ, सारखा ठोका देत राही, आणि उरलेली बोटं तांबोरीम या चिमुकल्या चामड्याच्या वाद्यासारखी अध्येमध्ये, ठोक्याच्या किंचित आधी-मागे, स्वरमेळ तोडून टाकीत. मिरवणुकीतला अख्खा सांबा सहा तारांवर आला, तोही कुजबुजीच्या आवाजात.

ही तिन्ही घराणी वांडर्लेच्या हातात एकत्र आली. त्याचा जन्म १९३२ चा, ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफेचा. साओ पाउलोत आल्यावर त्याने क्लबांत वाजवलं, गायिका इझाउरिन्या गार्सियाशी लग्न केलं, ओडियोन कंपनीसाठी तबकड्या काढल्या. पण त्याची खरी शाळा झाली १९६१ मध्ये. जिल्बेर्तोच्या तिसऱ्या तबकडीतल्या काही गाण्यांना साथ त्याच्या ऑर्गनची आहे. ज्याला एक सूर जास्तीचा खपत नसे अशा गायकामागे हे भारदस्त वाद्य वाजवायचं म्हणजे जपून, मोजून, हात आखडूनच वाजवावं लागणार.

पुढे ब्राझीलमध्ये अमेरिकन गायक टोनी बेनेटने त्याला ऐकलं आणि निर्माता क्रीड टेलरच्या कानावर त्याचं नाव घातलं. टेलरला बोसा नोव्हा नवा नव्हता. सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि जिल्बेर्तोची गाजलेली तबकडी त्यानेच केली होती. आणि व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत जिमी स्मिथसारख्यांचे ऑर्गन मुद्रित झालेले, त्यामुळे हे वाद्य माइकमध्ये कसं पकडायचं ते व्हॅन गेल्डरला पक्कं ठाऊक.

‘समर सांबा’ची चाल मार्कोस व्हालीची, वयाच्या विशीत बांधलेली. ऐकताना डोळ्यांसमोर बोटं आणावीत. उजवा हात चाल छोट्या छोट्या तुकड्यांत टाकतो. पट्टीला स्पर्श होतो न होतो तोच बोट वर. डावा हात स्वरमेळ असे तोडतो की ते तांबोरीमच वाटावं. मध्येच एखादा सूर तो धरून ठेवतो, आणि आजूबाजूला सगळं तुटक असल्यामुळे तो लांब सूर उन्हात पडलेल्या सावलीसारखा गार वाटतो. याला नुसतं ‘गोड’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्यातला ताल ऐकलेलाच नाही. सूर विझवायची वेळ इतकी नेमकी साधणारा ऑर्गनवादक विरळा.

अमेरिकेत पुढे या आवाजाचं हॉटेलांच्या लॉबीतलं आणि लिफ्टमधलं पार्श्वसंगीत झालं. नकला भरपूर निघाल्या, त्यांतला ऑर्गन लांबला, ओघळू लागला. वांडर्ले अमेरिकेतच राहिला. गायिका आस्ट्रुड जिल्बेर्तोबरोबर त्याने एक सुरेख तबकडी केली, आणि १९८६ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो सॅन फ्रान्सिस्कोत वारला.

नव्वदीच्या दशकात या तबकड्या पुन्हा शोधून ऐकल्या जाऊ लागल्या. तोवर बोसा नोव्हाचा ताल घरगुती ऑर्गनच्या आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या बटणांत जाऊन बसला होता. १९८१ च्या कॅसिओ व्हीएल-१ या छोट्या यंत्रातही तो आहे, मार्च आणि वॉल्ट्झच्या पंगतीत. मराठी घरांतल्या कपाटांवर धूळ खात पडलेल्या कितीतरी कीबोर्डांवरही ते नाव सापडेल. बटण दाबलं की ताल सुरू होतो आणि थांबवेपर्यंत थांबत नाही. त्यावर एक बोट टेकवावं, लगेच उचलावं, आणि पुढचा ठोका येण्याच्या जरासं आधी पुन्हा टेकवून पाहावं.