फरशीची झळाळी : पिंपरी-चिंचवडच्या पायाखालचा इतिहास

१/१४
पिंपरी-चिंचवडमधील एखाद्या जुन्या सदनिकेत पलंग सरकवला की त्याखालची संगमरवरी फरशी आरशासारखी लखलखते. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर मात्र ती खडूसारखी फिकट दिसते. फरशी एकच, मग हा फरक कशाने पडला? आणि सर्वत्र सारखी झळाळी परत कशी आणतात? या प्रश्नांची उत्तरे शोधताना या औद्योगिक पट्ट्याचा इतिहासही उलगडत जातो. #थ्रेड

२/१४
हा प्रदेश संगमरवराचा नव्हे. पवना-इंद्रायणीचे खोरे काळ्या बसाल्टचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून ते घडले. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवलेला चाकणचा भुईकोट याच भूमीवर उभा आहे. त्या काळी सामान्य घरातली भुई शेणाने सारवलेली असे. ती झिजे आणि दर काही दिवसांनी घरातल्या बायका ती पुन्हा सारवून नवी करीत.

३/१४
श्रीमंतांच्या वाड्यांत चुन्याचा गिलावा गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत करीत. येथे एक रासायनिक गंमत आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो तेव्हा त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते, आणि संगमरवर हाही मुख्यतः तोच पदार्थ! घोटीव चुना हा संगमरवराचा घरगुती भाऊबंदच म्हणायचा.

४/१४
दगडी फरशी सर्वसामान्यांच्या घरात आली ती रेल्वेमुळे. मुंबई-रायचूर लोहमार्गावरचे शहाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथला चुनखडक सपाट पापुद्र्यांनी निघतो, म्हणून तो स्वस्त पडे. ‘शहाबादी’ हा शब्द मराठी घरात रुळला तो असा. पुढे १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी मुंबईत भारत टाइल्स ही स्वदेशी कंपनी काढली आणि विलायती फरश्यांना देशी सिमेंटच्या फरशीचे आव्हान उभे केले.

५/१४
१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. कारखान्यांमागोमाग वसाहती वाढल्या. त्यांच्या जमिनींवर संगमरवराची खडी घातलेली मोझाइक फरशी बसली. पुढे ऐपत वाढली तशी राजस्थानातल्या संगमरवराची लादीही आली.

६/१४
संगमरवर दिसतो भारदस्त, पण असतो मऊ. मोहस काठिण्यमापनात त्याचा क्रमांक ३; चपलेला चिकटून घरात येणाऱ्या वाळूतल्या गारेचा क्रमांक ७. प्रत्येक पाऊल म्हणजे एक अतिसूक्ष्म ओरखडा. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परत पाठवतो, म्हणून प्रतिबिंब दिसते. ओरखड्यांचा पृष्ठभाग तो चहूकडे उधळतो, म्हणून फरशी निस्तेज भासते. पलंगाखाली पाऊल पडत नाही, म्हणून तिथली चमक टिकते.

७/१४
दुसरा शत्रू आम्ल. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर हे सारे कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतात. न्हाणीघरातले डाग काढायला आणलेले ‘ॲसिड’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल; ते संगमरवरावर पडताच फेस येतो. अनेकांना तो मळ निघत असल्याचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात तो फेस दगडातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. मळ निघतो, पण दगडाचा वरचा थर सोबत घेऊन.

८/१४
म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम : आधी निदान, मग घासाई. अनेकदा दगड शाबूत असतो आणि निस्तेजपणा वरच्या साबणाच्या, जड पाण्याच्या क्षारांच्या किंवा जुन्या मेणाच्या थराचा असतो. तो थर सौम्य, आम्लविरहित द्रावणाने निघतो. ताजमहालाचा पिवळटपणा काढताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण मुलतानी मातीचा लेप देते तो याच विवेकाने : मळ मातीत शोषला जावा, दगड झिजू नये.

९/१४
ओरखडे खोल असतील तर मात्र घासण्यावाचून गत्यंतर नाही. हे शास्त्र प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने आपल्या ग्रंथाच्या ३६व्या भागात संगमरवर कापण्या-घासण्याच्या वाळवांची चर्चा केली आहे. जाडसर वाळू दगड जास्त खाते आणि पुढच्या पॉलिशचे काम वाढवते, अशी तक्रार तो करतो. भारतीय वाळूचाही तो उल्लेख करतो. भाजून घेतलेली ती वाळू पॉलिश करणाऱ्यांच्या उपयोगाची, असे त्याचे मत.

१०/१४
वाळूची जागा आधुनिक काळात कार्बोरंडमने घेतली. अमेरिकेत १८९१ च्या सुमारास एडवर्ड ॲचेसन यांच्या हाती हे सिलिकॉन कार्बाइड लागले. महाराष्ट्रात उरणजवळच्या मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेल कंपनी स्थापन झाली आणि घासण्याच्या चाकांची निर्मिती देशातच होऊ लागली. यंत्रउद्योगाला ही चाके रोजच्या अन्नासारखी लागत.

११/१४
येथेच कारखाना आणि घर यांची गाठ पडते. वाहनाच्या बिडाच्या सिलिंडरची आतली बाजू आणि दिवाणखान्याची फरशी, दोन्ही एकाच तत्त्वाने सिद्ध होतात : आधी जाड कण, मग बारीक, मग त्याहून बारीक. सिलिंडरवर मुद्दाम बारीक आडव्या-तिरप्या रेघा ठेवतात, कारण त्यांत तेल टिकते. फरशीवरची रेघ मात्र डोळ्याला दिसेनाशी होईपर्यंत थांबायचे नसते.

१२/१४
आता मूळ प्रश्न : झळाळी सर्वत्र सारखी कशी येते? फक्त निस्तेज पट्टा घासला तर तिथे खोलगट भाग पडतो आणि प्रतिबिंब वाकडे दिसते. म्हणून संपूर्ण खोली एकाच क्रमाने घ्यावी लागते. मोझाइकसाठी साधारण ६०, १२०, ३२० क्रमांकाचे दगड वापरतात. संगमरवरासाठी हिऱ्याच्या कणांचे पॅड ३००० पर्यंत जातात. प्रत्येक टप्प्याने मागच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण पुसायचे. एक क्रमांक गाळला तर शेवटच्या पॉलिशमध्ये ते ओरखडे उघडे पडतात. दोन टप्प्यांमध्ये फरशी धुवायची, कारण जाड कणाचा एक दाणा राहिला तरी तो नवी रेघ ओढतो.

१३/१४
शेवटी येते ऑक्झॅलिक आम्ल. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रमाणांत ते दर चौरस मीटरला ३३ ग्रॅम शिंपडून, पाणी टाकून नमद्याने जोरात घासायला सांगितले आहे. इतर आम्ले दगड खातात; हे कॅल्शियमशी मिळून पाण्यात न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट बनवते. मात्र ते विषारी असते. हातमोजे हवेत, आणि नंतर फरशी भरपूर पाण्याने धुवायला हवी.

१४/१४
प्रत्येक घासाईत दगडाचा थोडा अंश कायमचा जातो. मोझाइकचा वरचा थर तर काही मिलिमीटरचाच असतो. दुसरी किंमत माणसाची. कोरड्या घासाईची धूळ फुप्फुसात जाते, आणि ग्रॅनाइट किंवा सिलिकायुक्त फरशीच्या धुळीने सिलिकोसिस होतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा रोग अधिसूचित केला. पण त्याची नोंद कारखान्याच्या चार भिंतींत होणार. घरोघरी यंत्र घेऊन फिरणारा कामगार त्या भिंतींबाहेरचा. पाणी धरून घासणे आणि नाकावर योग्य मुखपट्टी असणे ही त्याची खरी ढाल. फरशी पुन्हा चमकू लागली की तिच्यात घरमालकाचा चेहरा दिसतो. ती घासणाऱ्याच्या श्वासाची काळजी कोणी घेतली, हेही त्या वेळी विचारायला हवे.