उसने वय आणि स्वतःचे वय

सुरत म्हटले, की आम्हां मराठी माणसांस १६६४ ची शिवछत्रपतींची स्वारी आठवते, नाहीतर १९०७ ची उधळलेली काँग्रेस. त्याच सुरतेत ९ जुलै १९३८ रोजी हरिहर जरीवाला जन्मास आला, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही. आडनावातच शहराच्या जरीधंद्याची खूण. मुलगा पुढे मुंबईच्या रंगभूमीवर वावरला आणि संजीवकुमार या नावाने चित्रपटांत गाजला.

ऐन तारुण्यात वृद्ध रंगविणे हा त्यांचा हातखंडा. १९७२ च्या 'कोशिश'मध्ये ते जया भादुरीचे पती होते, आणि तीनच वर्षांनी 'शोले'त तिचेच सासरे! 'त्रिशूल'मध्ये शशी कपूर त्यांचे चिरंजीव झाले. वस्तुतः शशी कपूर काही महिन्यांनी वडीलच. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी संजीवकुमार निवर्तले तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ होते. ज्या वार्धक्याचे सोंग त्यांनी इतक्या वेळा वठविले, ते त्यांच्या वाट्यास आलेच नाही.

त्यांनी वय उसने घेतले. स्वतःचे वय घेऊन, हातचा चालता व्यवसाय सोडून नट होणाऱ्यांची वाट निराळी. आणि तिचा विचार करताना आम्हांस डॉ. श्रीराम लागू आठवतात. जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. विद्या वैद्यकाची, कौशल्य कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचे. पुण्यात व्यवसाय, मग आफ्रिकेत टांझानियातील टाबोरा येथेही. अशा गृहस्थाने १९६९ मध्ये, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून पूर्णवेळ नट व्हावे, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजास कसे रुचावे? 'नाटकाच्या नादी लागला' हा शब्दप्रयोग आपल्याकडे काही कौतुकाने होत नसे.

परंतु ही उडी आंधळी होती असे मानणे चूक ठरेल. महाविद्यालयातच त्यांना रंगमंचाचा लळा लागला होता, आणि पुण्यात भालबा केळकर प्रभृतींबरोबर 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन'च्या हौशी प्रयोगांत त्यांची वर्षे गेली होती. व्यवसाय बदलला तो १९६९ मध्ये. नट त्याआधीच घडलेला होता. राज्य विमा निगमातील नोकरी सांभाळून सत्यदेव दुबे यांच्या नाटकांत कामे करणारे, आणि चाळिशीच्या सुमारास चित्रपटांत आपल्या गंभीर आवाजाचा दरारा बसविणारे अमरीश पुरी हेही याच वाटेचे प्रवासी.

लागूंच्या बाबतीत एक योगायोग आम्हांस विलक्षण वाटतो. लगेच १९७० मध्ये त्यांच्यापुढे वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' आले. त्यातील गणपतराव बेलवलकर म्हणजे सारी हयात रंगभूमीवर घालवून निवृत्त झालेला, सर्वस्व मुलांना वाटून मोकळा झालेला नट. आणि तो साकारणारा? पूर्णवेळ नट होऊन जेमतेम वर्ष लोटलेला डॉक्टर! जेथे बेलवलकरांची वाट संपते, तेथे लागूंची नुकती सुरू झाली होती. इतरांचे घसे तपासणारा हा मनुष्य आता लांबलचक स्वगतांसाठी रात्रीमागून रात्री स्वतःच्या घशास राबवू लागला. प्रेक्षकांस मात्र त्यात नवखेपणाचा मागमूसही लागला नाही.

पुढे 'पिंजरा' (१९७२), 'घरौंदा' (१९७७) आणि ॲटनबरोंच्या 'गांधी'तील (१९८२) गोखले या भूमिका आल्या. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले 'लमाण': इकडचा माल तिकडे वाहून नेणारा.